बारी बंदर, २ डिसेंबर १९४३: माणसं मोजली, पण कारण खोडलं

जे ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करतात त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, एपिसोडचं हे लिखित रूप.

आजची गोष्ट मी एका सलाईनच्या पिशवीपासून सुरू करणार आहे.

दीड वर्षापूर्वी माझ्या बाबांना लिम्फोमा निघाला. त्यानंतर काही महिने आमचं वेळापत्रक ठरून गेलं होतं. दर तीन आठवड्यांनी सकाळी सातला घर सोडायचं, डे-केअर वॉर्डात खुर्ची पकडायची, आईच्या पिशवीत डबा आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. औषध थेंब थेंब चढत राहायचं आणि मी शेजारी बसून कोड रिव्ह्यू करत असायचो. दुसऱ्या का तिसऱ्या वेळी बाबांनी चष्मा लावून पिशवीवरचं नाव वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "हे सायक्लोफॉस्फामाइड म्हणजे नक्की काय रे? बघ जरा तुझ्या मोबाइलवर."

बघितलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, हे औषध नायट्रोजन मस्टर्डच्या घराण्यातलं आहे.

"मस्टर्ड म्हणजे मोहरी ना?" बाबांनी विचारलं.

"मोहरी नाही हो. मस्टर्ड गॅस. पहिल्या महायुद्धात वापरायचे ना, तो. त्याचा चुलतभाऊ म्हणा."

बाबा थोडा वेळ पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सरकारी खर्चाने लढाईला गेलो नाही, ते आता स्वतःच्या खर्चाने चाललंय."

सिस्टरसुद्धा हसल्या. मी पुढे वाचत गेलो आणि एक गोष्ट सापडली, जी इंटरनेटवर शेकडो ठिकाणी जवळजवळ त्याच शब्दांत आहे. १९४३ साली इटलीतल्या एका बंदरावर बॉम्ब पडले, मस्टर्ड गॅस सुटला, माणसं मेली, डॉक्टरांच्या काहीतरी लक्षात आलं आणि केमोथेरपीचा जन्म झाला. वाईटातून चांगलं. मी बाबांना ती मोठ्याने वाचून दाखवली.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "किती माणसं गेली?"

मला वाटलं, दोन मिनिटांत सांगतो. आजचा एपिसोड म्हणजे त्या दोन मिनिटांचं काय झालं, त्याची हकिगत आहे.

शहर आणि रात्र

बारी हे इटलीच्या टाचेजवळ, आड्रिॲटिक समुद्राच्या किनाऱ्यावरचं बंदर. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि बारी ब्रिटिशांच्या हाती आलं. तिथून उत्तरेला जर्मन सैन्याशी लढणाऱ्या ब्रिटिश आठव्या आर्मीचा दाणागोटा याच बंदरातून जायचा. तोफगोळे, पेट्रोल, औषधं, ब्लँकेटं, सगळं. शिवाय अमेरिकेच्या नव्या पंधराव्या हवाईदलाचं मुख्यालयही त्याच दिवसांत बारीत आलं होतं.

इथे आपला एक धागा जोडलेला आहे. त्या आठव्या आर्मीत आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. नोव्हेंबर संपताना आणि डिसेंबर लागताना ही डिव्हिजन बारीच्या उत्तरेला सांग्रो नदीपाशी, पावसात आणि चिखलात लढत होती. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची पोरं ज्या सामानावर लढत होती, त्याचा रस्ता बारीवरून जात होता. तेव्हा 'आपला काय संबंध' असं म्हणून एपिसोड पुढे ढकलू नका.

२ डिसेंबर १९४३, गुरुवार. बंदरात सुमारे तीस जहाजं दाटीवाटीने उभी. अमेरिकन, ब्रिटिश, नॉर्वेजियन, पोलिश, इटालियन. काम इतकं तुंबलेलं की रात्रीसुद्धा दिवे लावून माल उतरवणं चालू होतं. ब्लॅकआऊट नाही. त्याच दिवशी दुपारी ब्रिटिश हवाईदलाचे वरिष्ठ अधिकारी आर्थर कनिंगहॅम यांनी पत्रकारांना सांगितलं होतं, की या भागात जर्मन विमानांनी काही मोठं करायचा प्रयत्न केला तर तो मी स्वतःचा अपमान समजेन. आणि त्याच दिवशी एक जर्मन टेहळणी विमान बंदरावरून जाऊन सगळं बघून आलं होतं.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास १०५ युंकर्स ८८ बॉम्बर आले. वीस-एक मिनिटांत खेळ आटोपला. दारूगोळ्याची जहाजं फुटली, धक्क्यावरची पेट्रोलची पाइपलाइन फुटली, पेट्रोल पाण्यावर पसरून पेटलं. काही बॉम्ब बंदराला लागून असलेल्या जुन्या गावात पडले. किती जहाजं बुडाली? बहुतेक ठिकाणी १७ हा आकडा आहे, काही याद्यांत त्याहून जास्त, कारण काही जण पुढे दुरुस्त झालेली जहाजंही त्यात धरतात. माणसं? लष्करी आणि व्यापारी जहाजांवरची मिळून हजाराच्या वर. गावातले? इथे आकडे गडगडायला लागतात. कुणी काहीशे म्हणतं, कुणी हजार.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच अडकलं. मी ठरवलं, एकेक गट वेगळा करू. माझ्या धंद्यातली सवय आहे ती: आकडा जुळत नसेल तर बेरीज परत करत बसू नका, आकडा कुठून कुठून येतोय ते बघा.

न सांगितलेला माल

बंदरातल्या जहाजांपैकी एक होतं जॉन हार्वे. अमेरिकेचं मालवाहू जहाज, चारच दिवसांपूर्वी आलेलं आणि माल उतरवायच्या रांगेत थांबलेलं. त्याच्या पोटात इतर दारूगोळ्याबरोबर मस्टर्डचे २००० बॉम्ब होते. प्रत्येकात साधारण तीस किलो मस्टर्ड.

हे का होतं तिथे? अमेरिकेचं धोरण असं होतं, की आपण आधी विषारी वायू वापरायचा नाही, पण जर्मनीने वापरला तर उत्तर द्यायला जवळ साठा हवा. म्हणून गुपचूप साठा आणला जात होता. इतका गुपचूप, की बंदरातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. ज्यांना होता, त्यातले बहुतेक जॉन हार्वेवरच होते. आग लागली, जहाजाचा स्फोट झाला आणि त्यावर असलेली सगळी माणसं, जहाजाच्या कप्तानासकट, जागच्या जागी गेली. माहिती असलेली माणसं माहितीसकट संपली.

आता एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मस्टर्ड गॅस हे नाव फसवं आहे. साध्या तापमानाला तो तेलकट द्रव असतो आणि तेलात तो छान विरघळतो. बुडालेल्या जहाजांचं तेल बंदरभर तरंगत होतं. मस्टर्ड त्यात मिसळला. काही भाग आगीच्या धुराबरोबर वाफ होऊन पसरला. जीव वाचवायला ज्यांनी पाण्यात उड्या मारल्या, ती माणसं त्या तेलात पोहली.

दुसरी गोष्ट, मस्टर्ड लगेच दुखत नाही. काही तास काहीच कळत नाही. म्हणून पाण्यातून काढलेल्या शेकडो लोकांना, तेलाने काळे झालेले असताना, त्याच ओल्या कपड्यांवर ब्लँकेटं गुंडाळून, गरम चहा देऊन बसवून ठेवलं गेलं. जे जास्त जखमी दिसत होते त्यांच्याकडे आधी बघायचं, हा नियम. बरोबरच नियम. ही माणसं बरी दिसत होती. ती रात्रभर त्या कपड्यांत राहिली. नुसतं कपडे काढून साबणाने धुतलं असतं तरी कितीतरी जण वाचले असते. पण धुवायला हवं हे सांगणारं कुणी नव्हतं.

पहाटेपासून डोळे सुजायला लागले. लोकांना वाटलं आपण आंधळे झालो. मग अंगावर फोड. नाडी क्षीण, रक्तदाब खाली, पण माणूस शांत, दुखतंय म्हणत नाही, बरं वाटतंय म्हणतो, आणि थोड्या वेळात मरतो. नेहमीचे उपचार लागू पडत नव्हते. असा पहिला मृत्यू सुमारे १८ तासांनी झाला. वाचलेल्यांना घेऊन तारांतो बंदराकडे निघालेल्या एका जहाजावर खलाशांनाच दिसेनासं झालं, जहाज धक्क्याला लावणं मुश्कील झालं. डॉक्टरांना संशय येत होता, पण बंदराच्या अधिकाऱ्यांकडून होही नाही आणि नाहीही नाही. केसपेपरवर लिहिलं जात होतं, 'त्वचारोग, निदान अजून नाही'.

एकोणतीस वर्षांचा डॉक्टर

७ डिसेंबरला अल्जिअर्सहून एक अमेरिकन डॉक्टर बारीत उतरला. लेफ्टनंट कर्नल स्ट्युअर्ट अलेक्झांडर. न्यू जर्सीतल्या पार्क रिज नावाच्या गावातला, डॉक्टर बापाचा डॉक्टर मुलगा. रासायनिक युद्धाच्या वैद्यकीय बाजूचा तज्ज्ञ म्हणून तो आयझेनहॉवरच्या मुख्यालयात होता. वय वर्षं २९.

माझं वय २८ आहे. मला मध्यरात्री फोन येतो तेव्हा एखादं पेमेंट अडकलेलं असतं. त्याला फोन आला तेव्हा माणसं का मरतायत ते कुणाला कळत नव्हतं.

हॉस्पिटलात शिरताच त्याला लसणासारखा वास आला. तो वास त्याने प्रशिक्षणात ओळखायला शिकला होता. त्याने विचारलं, इथे मस्टर्ड होता का? उत्तर नाही. मग त्याने जे केलं, त्यासाठी मी हा एपिसोड करतोय. त्याने प्रत्येक रुग्णाला आणि जे गेले त्यांच्या सोबत्यांना साधे प्रश्न विचारले. त्या रात्री तू कुठल्या जहाजावर होतास? पाण्यात पडलास का? किती वेळ? तेल अंगाला लागलं का? पुसलंस का?

आणि मग तो उत्तरं मांडत गेला. जे पाण्यात होते त्यांचं सगळं अंग भाजलेलं. जे होडीत बसून आले त्यांच्या बुडाला फोड, कारण होडीच्या तळाशी ते तेलपाणी साचलं होतं. ज्यांनी नशिबाने तेल पुसून काढलं होतं, त्यांना कमी इजा. ज्यांना फक्त धूर लागला, त्यांच्या छातीत त्रास. मृत्यूच्या तारखाही बोलत होत्या: पहिली लाट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुसरी लाट आठव्या-नवव्या दिवशी.

मग त्याने बंदराचा नकाशा घेतला. त्या रात्री कुठलं जहाज कुठे उभं होतं ते त्यावर मांडलं आणि कुठल्या जहाजावरचे किती मेले ते त्यापुढे लिहिलं. मस्टर्डने गेलेल्यांचं प्रमाण ज्या जहाजांवर सर्वांत जास्त, ती जहाजं एका जागेभोवती उभी होती. त्या जागी होतं जॉन हार्वे.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, ओळखलंत ना? लॉग नाहीत, ज्याने कोड लिहिला तो उरला नाही, मॅनेजर काही बोलायला तयार नाही. तेव्हा कुठला युझर कुठल्या सर्व्हरवर होता ते विचारून विचारून दोष शोधायचा. फक्त इथे युझर खाटेवर होते आणि रोज कमी होत होते.

तरीही एक शंका उरत होती. मस्टर्ड जर्मन विमानांनी टाकला असेल तर? ही शंका साधी नव्हती. जर्मनीने वायू वापरला असं ठरलं असतं तर दोस्त राष्ट्रांनी उत्तर दिलं असतं, आणि युरोपभर वायूयुद्ध पेटायला वेळ लागला नसता. त्याच सुमारास बंदराच्या तळातून बॉम्बच्या टरफलाचा एक तुकडा वर आला. तो अमेरिकन बनावटीचा निघाला. एम ४७ ए १. मस्टर्ड आपलाच होता.

कारणाचा रकाना

अलेक्झांडरने डिसेंबरअखेरीस अंतिम अहवाल दिला. दवाखान्यात आलेले मस्टर्डचे लष्करी आणि खलाशी रुग्ण सहाशेच्या वर. कुठे ६१७, कुठे ६२८ असा आकडा मिळतो. त्यातले महिनाअखेरपर्यंत ८३ मृत्यू.

आयझेनहॉवरने अहवाल मान्य केला, पण गुप्त ठेवला. लंडनमध्ये चर्चिलने तो मानलाच नाही. ब्रिटिश कागदपत्रांत मस्टर्ड हा शब्द येऊ नये अशी व्यवस्था झाली. त्या जागी आलं, 'शत्रूच्या कारवाईमुळे भाजून'.

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. चर्चिलची भीती खुळी नव्हती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायची तयारी चालली होती. दोस्तांनी वायू आणलाय हे जर्मनीला अधिकृतपणे कळलं, तर ते त्याच किनाऱ्यावर वायू वापरतील, ही शक्यता खरी होती. युद्धात गुपित ठेवावं लागतं, हे मला मान्य आहे. पण गुपित ठेवणं वेगळं आणि केसपेपर बदलणं वेगळं. गुपित उद्या उघडता येतं. कारणाच्या रकान्यात एकदा दुसरंच काही लिहिलं की पुढच्या माणसाला ते खरंच वाटतं.

आणि पुढचा माणूस म्हणजे कोण? तो खलाशी, जो वाचला. छाती कायमची गेलेली, डोळ्यांना त्रास. तो पेन्शनच्या कचेरीत जातो. तिथला कारकून त्याची नोंद बघतो: भाजलेला. भाजलं होतं ते बरं झालं, मग खोकला कसला? अमेरिकेतले कागद हळूहळू मोकळे होत गेले, १९७१ मध्ये ग्लेन इनफिल्ड यांचं या दुर्घटनेवरचं पुस्तक आलं, तरी ब्रिटिश सरकारने त्या रात्री आपल्या माणसांना विषारी वायू लागला होता हे मान्य करून पेन्शन सुधारायला १९८०चं दशक उजाडलं. चाळीस वर्षं. किती जण तोपर्यंत राहिले असतील, तुम्हीच विचार करा.

मागे एकदा माझ्या कामात एक छोटा प्रसंग घडला होता. एक मोठा बिघाड झाला, आम्ही रात्रभर बसून कारण शोधलं, सकाळी मी ते अहवालात लिहिलं. दुपारी उघडून बघतो तर माझ्या दोन ओळींच्या जागी 'तांत्रिक अडचण' एवढंच. क्लायंट घाबरेल म्हणून. चार महिन्यांनी तोच बिघाड परत आला. नवीन मुलीने जुना अहवाल उघडला, तांत्रिक अडचण वाचलं आणि पहिल्यापासून शोधायला बसली. कुणी मेलं नाही. पण तेव्हापासून मला हा रकाना दिसला की मी थांबतो.

ज्यांना रकानाच नव्हता

आता बाबांच्या प्रश्नाकडे परत येऊ. किती गेले? मी तीन ढीग केले.

पहिला ढीग, सैनिक. त्यांना नंबर असतो, पलटण असते, कुटुंबाला तार जाते. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाची वेबसाइट मोबाइलवर उघडा, दफनभूमीचं नाव टाका, मृत्यूची तारीख टाका. बारीच्या युद्ध दफनभूमीत दोन हजारांहून जास्त थडगी आहेत. त्यात हवाई हल्ल्यात गेलेले आहेत, आसपासच्या इस्पितळांत गेलेले आहेत, आणि ९ एप्रिल १९४५ला याच बंदरात दारूगोळ्याचं आणखी एक जहाज फुटलं, त्यात गेलेलेही आहेत. म्हणून तारीख बघावी लागते. नाव मिळतं, वय मिळतं, कधी आईवडिलांचं नाव मिळतं. कशाने गेला, ते त्या नोंदीत नसतं.

दुसरा ढीग, व्यापारी जहाजांवरचे खलाशी. हे सैनिक नव्हेत. त्यांची नावं देशोदेशी विखुरलेली. ज्या ब्रिटिश खलाशांना समुद्र हेच थडगं मिळालं त्यांची नावं लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर, नॉर्वेजियन नॉर्वेच्या याद्यांत, अमेरिकन अमेरिकेच्या. एका बंदरात, एका रात्री, एकाच तेलात गेलेली माणसं पाच देशांच्या वह्यांत.

तिसरा ढीग, बारीचे रहिवासी. धक्क्यावर हमाली करणारे, जुन्या गावातल्या बायका-मुलं, आसऱ्याला धावलेले म्हातारे. अलेक्झांडरच्या सहाशेंमध्ये हे नाहीत. त्याने लष्करी दवाखान्यांतले रुग्ण मोजले. गावकरी गावातल्या डॉक्टरांकडे गेले, नाहीतर खेड्यात नातेवाइकांकडे निघून गेले. तिथल्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही की हा मस्टर्ड आहे, कपडे काढा, अंग धुवा. जे त्याने गेले ते भाजून, न्यूमोनियाने, काहीतरी होऊन गेले. हा आकडा हरवलेला नाही. तो कधी मोजलाच गेला नाही.

आणि गोष्ट युद्धाबरोबर संपली नाही. युद्धानंतर आड्रिॲटिकमध्ये बुडालेले आणि बुडवलेले मस्टर्डचे बॉम्ब बारी-मोल्फेत्ता भागातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येत राहिले. जाळं ओढलं, हात भाजले, डोळे गेले. आपल्या कोकणातल्या कुठल्या कोळ्याच्या जाळ्यात असं काही आलं तर तो काय करेल? पहिल्यांदा हातानेच सोडवेल ना?

इथे मला नाईक यशवंत घाडगे आठवले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ला इटलीतच, वरच्या टायबर खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते घेतलं आणि गोळ्या लागून तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं थडगं कुठे आहे ते ठाऊक नाही, नाव कसीनोच्या स्मारकावर आहे. म्हणजे देह सापडला नाही, पण ते कुठे, कधी, कसे गेले ते नीट लिहिलेलं आहे. बारीत नेमकं उलटं. देह आहे, दगड आहे, दगडावर नाव आहे. कसं गेला, ते खोडलेलं.

मग ती केमोची गोष्ट खरी का खोटी?

अर्धी. अलेक्झांडरने रुग्णांच्या रक्ताच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यात पांढऱ्या पेशी झपाट्याने खाली येताना दिसत होत्या, त्यातही लिम्फोसाइट सर्वांत आधी. लिम्फोमा म्हणजे याच पेशींची बेसुमार वाढ. जे विष या पेशी मारतं, ते मोजून दिलं तर?

पण हा प्रश्न बारीत पहिल्यांदा पडला नव्हता. मस्टर्डने पांढऱ्या पेशी कमी होतात हे पहिल्या महायुद्धानंतरच नोंदलं गेलं होतं. येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी १९४२ मध्येच, म्हणजे बारीच्या आधी, एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड टोचून बघितलं होतं. गाठी विरघळल्या, मग परत आल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. तेही गुपित, छापून आलं १९४६ मध्ये. बारीचा अहवाल अमेरिकेच्या रासायनिक युद्ध खात्यातल्या कॉर्नेलियस ऱ्होड्स यांच्या हाती गेला. ऱ्होड्स पुढे न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. माणसांवर मोठ्या प्रमाणावर काय होतं त्याचा पुरावा बारीने दिला आणि त्या वाटेवर जोर आला. १९५०च्या दशकात जर्मनीत सायक्लोफॉस्फामाइड तयार झालं. ज्या देशाच्या विमानांनी बारीवर बॉम्ब टाकले, त्याच देशात.

अलेक्झांडर? त्याला मोठ्या जागेवर बोलावणं होतं. तो गेला नाही. पार्क रिजला परत जाऊन वडिलांच्या दवाखान्यात बसला, आयुष्यभर गावची नाडी बघितली. अमेरिकन लष्कराने त्याच्या कामाची जाहीर दखल १९८८ मध्ये घेतली. १९९१ मध्ये तो गेला.

म्हणून 'बॉम्ब पडले आणि केमो जन्मली' ही गोष्ट मला आता वाचवत नाही. ती खोटी आहे म्हणून नाही. त्या माणसांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या गेल्या, अहवालातून प्रयोगशाळेत गेल्या, उपयोगी पडल्या. त्यांच्या स्वतःच्या कागदावर मात्र ते कशाने गेले हे लिहिलं नाही. आपण त्यांच्या मरणातून औषध घेतलं आणि त्यांना त्यांच्या मरणाचं नाव दिलं नाही.

बाबांची सायकल संपली. शेवटचा स्कॅन चांगला आला आहे, टचवुड. परवा जेवताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. तीन ढीग, नकाशा, तुकडा, रकाना. ते ऐकत होते, मधेच आमटी वाढून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे किती गेले ते तुला नाही सांगता आलं."

"८३ सांगता येतात," मी म्हटलं. "कारण एका माणसाने प्रत्येकाला विचारलं, तू कुठे होतास. बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही."

बाबांनी ताट बाजूला केलं आणि आईला म्हणाले, "माझी ती फाइल आण गं जरा." फाइल आली. सगळे रिपोर्ट, सगळ्या पावत्या, तारखांप्रमाणे. त्यांनी मला डिस्चार्ज समरी दाखवली. निदानाच्या पुढे एक स्पेलिंग चुकलेलं होतं.

"हे नीट करून घे त्यांच्याकडून," ते म्हणाले.

शनिवारी जाणार आहे.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या घरात कुणी आजोबा-पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत, आफ्रिकेत किंवा ब्रह्मदेशात गेले असतील, तर त्यांचं एखादं पत्र, पेन्शनचं पुस्तक, पदकाच्या मागे कोरलेला नंबर, आज रात्री बाहेर काढा. फोटो काढून ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारून मागे लिहा: कोण, कुठे, कधी, कसं. चारही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.